उतारावरचे अक्ष

धुळ्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. अक्ष कसेही फिरवा, घटक बदलतील, पण सदिश तोच राहतो, हे फळ्यावर बाण काढून घसा कोरडा पडेस्तोवर सांगतो. गेल्या चाचणीत उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितात धरणगावच्या एका मुलीने उताराला समांतर अक्ष घेऊन बलाचे घटक काढले. आकडे माझ्याहून वेगळे दिसले आणि मी सरळ काट मारली. तिने टेबलाशी उभं राहून अक्ष फिरवले, तिच्या आकड्यांतून माझेच आकडे काढून दाखवले. मी गुण दिले, आणि वर खेकसलो, "माझ्यासारखे आडवे-उभेच अक्ष घेत जा, तपासायला सोपं पडतं." कुठल्या तोंडाने बोललो कोण जाणे. आता प्रत्येक गणिताआधी ती हळूच विचारते, "सर, अक्ष तुमचेच घेऊ ना?"