कवळीकाकू आणि झोपेचा डबा

तिला सगळे कवळीकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण निम्म्या गावाच्या तोंडात तिनेच घडवलेले दात होते. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल. त्यावर गुलाबी मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा आणि रंगाच्या छटांप्रमाणे लावलेले दातांचे डबे. नवरा पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचा. तो बोलायचा कमी, म्हणून त्याच्या वाट्याचंही काकूच बोलून घ्यायची.

दर गुरुवारी रात्री ती मोठ्या शहराची गाडी पकडायची. शुक्रवारी सकाळी तिथल्या दातांच्या इस्पितळात डॉक्टर कवळ्या बसवायचे. कुठे टोचतंय, कुठे हलतंय ते बघून जागच्या जागी घासून देणं हे काकूचं काम. हात स्थिर हवा. केसभर जास्त घासलं गेलं की सगळी मेहनत पाण्यात.

पूर्वी त्या गाडीला झोपेचा एक डबा होता. शाल ओढून काकू जी आडवी व्हायची, ती शहर आल्यावरच डोळे उघडायची. मग रेल्वेने रूळ सुधारले, गाडी जलद केली आणि एक दिवस तो डबाच काढून टाकला. अमुक तासांच्या आतल्या प्रवासाला झोपायची सोय नाही, असा म्हणे नियम होता, आणि सुधारलेली गाडी त्या रेघेच्या जरा अलीकडे आली होती. रात्रभर ताठ पाठीच्या बाकावर बसायचं आणि उजाडायच्या आत उतरायचं. तिथे प्रतीक्षालयाला कुलूप. मग फलाटावरच्या थंडगार बाकावर पिशवी मांडीवर घेऊन सकाळची वाट बघायची.

"दिवसाच्या गाडीने जावं," नवरा एकदा म्हणाला.

"ती पोचते दुपारी. तोवर डॉक्टर घरी जाऊन, जेवून आडवे झालेले असतात. त्यांना झोप आहे हो, त्यांना आहे!"

नवऱ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळात डोकं घातलं.

एका शुक्रवारी व्हायचं ते झालंच. फुटबॉलचे एक निवृत्त पंच होते, त्यांची कवळी पुढून अंमळ जास्त घासली गेली. म्हातारबुवा 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजे. माणूस भला. म्हणाले, "असू द्या, सवयीचं आहे." पण काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ती कवळी नव्याने घडवायला परत नेली आणि त्याच रविवारी जेवायला आलेल्या दिराला धारेवर धरलं. धाकटा दीर रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कचेरीत साहेब होता.

"वहिनी, एवढ्याशा प्रवासात झोपतं कोण?" तो म्हणाला. "अंथरूण घालेपर्यंत शहर येतं."

"भावोजी, जेवून हात पुसेपर्यंत तुम्ही आमच्या खुर्चीत घोरायला लागता. तेव्हा तास मोजता का?"

"नियम मी नाही केला."

"मग कुणी केला?"

"तो... आहे पूर्वीपासून."

"म्हणजे आई नाही, बाप नाही, आणि पोर मात्र ठणठणीत!"

रेल्वेने बोलावलेल्या प्रवाशांच्या बैठकीला काकू गेली ती याच तिरमिरीत. व्यासपीठावरचा अधिकारी गाडी आणखी जलद करणार असल्याचं कौतुकाने सांगत होता. काकू उभी राहिली.

"वेग मागितलाय कुणी? मला गाडी हळू हवी. नाही जमत, तर पोचल्यावर झोपेचा डबा सोडून बाजूच्या रुळावर ठेवा आणि उजाडलं की आम्हाला उठवा."

सभागृहात खसखस पिकली.

"हसतील त्यांचे दात दिसतील," काकू म्हणाली, "आणि त्यांतले खरे किती, ते मला माहीत आहे."

हसू जागच्या जागी थिजलं. पण तेवढ्यात मागून एक परिचारिका उठली. "काकू, तुमचं म्हणणं पटतं. पण झोपेच्या डब्यात माणसं मावतात निम्मी. मी मधल्या स्टेशनला उतरते. तुम्ही आडव्या झालात की मी उभी राहणार."

काकूला उलट जास्तच संताप आला. खोटं बोलणाऱ्यावर चिडणं सोपं असतं. ही बाई खरं बोलत होती. "मग जास्तीचा डबा लावा," एवढं म्हणून ती खाली बसली.

पुढचे काही महिने ती दारोदार फिरली. डबा बाजूला ठेवणं यार्डाचं काम, असं वेळापत्रकवाले म्हणाले. यार्डवाले म्हणाले, रूळ रिकामा आहे, पण डब्यात माणसं असतील तर तो डबा प्रवासी खात्याचा. प्रवासी खातं म्हणालं, उभ्या डब्यातल्या माणसाला प्रवासी म्हणता येत नाही. "मग काय म्हणता येतं?" काकूने विचारलं. ते बघून सांगतो म्हणाले. कुणी बघितलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

अशात भावोजींनी पोरांना मर्दुमकी दाखवायला दातांनी अक्रोड फोडला. अक्रोड शाबूत राहिला, समोरचे दोन दात गेले. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. भावोजी तोंडावर रुमाल धरून काकूकडे आले. तिने दोन दातांची छोटी कवळी घडवली, पण ती बसवायला इस्पितळात जाणं भाग होतं. गुरुवारी रात्री दोघं एकाच बाकावर बसून निघाली.

वाटेत काकू शाल गुंडाळून ताठ बसली. भावोजींनी आधी कोटाची उशी केली, मग पिशवीची, मग उभे राहून पाहिलं. पहाटेआधी फलाटावर उतरल्यावर ते कळवळून म्हणाले, "वहिनी, मान वळत नाहीये."

"माझीही वळत नाही, भावोजी. दर शुक्रवारी."

इस्पितळाच्या खुर्चीत भावोजी आ वासून झोपून गेले. डॉक्टरांना बरंच वाटलं. कवळी टोचली तेव्हा भावोजी दचकून उठले, आणि समोर काकू कोपर टेबलाला टेकवून एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून बसलेली. घासायचं यंत्र तरी थरथरत होतं.

"हे हात माझ्या दातांवर चालणार?" भावोजी घाबरून म्हणाले.

"माझ्याकडे दुसरे नाहीत."

तिने दोनदा हात गार पाण्यात धरले, थांबत थांबत काम केलं आणि कवळी नीट बसवली. भावोजी लग्नात तोंडभर हसले. रेल्वेबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही, आणि काकूनेही विचारलं नाही.

नवं वेळापत्रक आलं तेव्हा भावोजीच सांगायला आले. गाडीला झोपेचा एक डबा जास्तीचा लागणार होता. शहरात पोचल्यावर तो उजाडेपर्यंत बाजूच्या रुळावर उभा राहणार होता. मंगळवारी आणि शनिवारी.

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तो डबा दुसऱ्या गाडीला लागतो. वहिनी, एवढंच मिळालं, तेही भांडून."

काकूने कपाळावर हात मारला. मग उठून इस्पितळाशी भांडायला गेली. शुक्रवारचं काम बुधवारी आणायला डॉक्टरांनी शंभर कुरकुरी केल्या, पण कवळ्या तर तिच्याच हातच्या हव्या होत्या. शेवटी ते तयार झाले.

पहिल्या मंगळवारी पांघरूण आखूड आणि उशी दगडासारखी निघाली. त्याबद्दल कुणाला बोलावं हे ठरवता ठरवताच तिचा डोळा लागला. शहर आलं, डबा सुटला, बाजूला गेला, तिला पत्ता नाही. सेवकाने दारावर टकटक केली तेव्हा खिडकीत ऊन होतं. त्या सकाळी तिने सहा जणांच्या कवळ्या जुळवल्या, आणि एकदाही मनगट धरावं लागलं नाही.

परतीच्या गाडीला अजून बाकंच आहेत. त्यावर ताठ बसून काकू शेजाऱ्याला रेल्वेचा सगळा कारभार समजावून सांगते. शेजारी बहुधा झोपलेला असतो.