मेथी आहे का निवडायची?

“वहिनी, मेथी आहे का निवडायची?”

सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दारात हा प्रश्न यायचा. विचारणारा माणूस पन्नाशीचा, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात रिकामी परात. मेथी नसली तर गवार, गवार नसली तर अंबाडी, काहीच नसलं तर तांदूळ. तासाभरात सगळं निवडून परत. माझी बायको म्हणायची, अशी मेथी माझ्या सासूनंही कधी निवडली नाही. सासू म्हणजे माझी आई, पण मी ऐकून घ्यायचो, कारण ते खरं होतं.

बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव पडलं ‘मेथीवाले’. अशी नावं ठेवणारे तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. आमच्याकडे त्यांचा पुढारी मीच होतो. शाळेत शिक्षक, सोसायटीच्या मंडळाचा सेक्रेटरी, आणि गणपतीत माईक कायम माझ्या हातात.

एकदा जिन्यात मी त्यांना गाठून विचारलंच, की ही काय नवीन हौस? त्यांनी परात कठड्यावर ठेवली आणि सरळ सांगितलं. मुलगी दहावीला होती. दिवाळीनंतर तिचं बोलणं कमी झालं, मग खाणं, मग अंघोळ. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, औषधं सुरू केली. आईबापाला बजावलं, की तिला एकटं पाडू नका आणि तिच्या मागेही लागू नका. आई अंगणवाडीत, सकाळी तिला जाणं भाग. म्हणून यांनी कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली आणि सकाळभर मुलीच्या खोलीबाहेर बसायला लागले. दार लोटलेलं, आत ती, बाहेर हे.

“बसा की मग. मेथी कशाला?” मी म्हटलं.

“हात रिकामे असले की तोंड चालतं, सर. मग मी सल्ले देतो. आधी लय दिलेत.”

आधी त्यांनी मुलीचा मोबाइल काढून घेतला होता, ‘तुला काय कमी आहे’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, एकदा हातही उगारला होता. हे त्यांनीच सांगितलं, आवाज न चोरता. नंतर मुलीसमोर बसून त्यांनी तिची माफी मागितली होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही बापानं असं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तर नाहीच नाही.

बिल्डिंगला मात्र सगळं कळत होतं. एकजण म्हणाले, त्र्यंबकेश्वरला शांती करून घ्या. एकीनं सांगितलं, घोटीला मामाकडे पाठवा, भाताची लावणी करेल तर डोकं ठिकाणावर येईल. कुणी म्हणालं, एकुलती एक आहे, लाडावलीय. कावीळ झालेल्या पोरीला कुणी लावणीला पाठवलं असतं का? आज हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा गेली नाही, कारण मीही मान डोलावणाऱ्यांत होतो.

ते कुणाशी वाद घालायचे नाहीत. “घाई नाय,” एवढंच म्हणायचे. “डॉक्टर म्हणले, वेळ लागंल. लागू दे.” मुलगी कशी आहे विचारलं, तर नेमकं उत्तर मिळायचं. “आज केस विंचरले.” “आज अर्धी पोळी खाल्ली.” “आज काय नाय, पण हाक मारली तर ओ दिली.” दहावीची परीक्षा तिनं कशीबशी दिली. किती मार्क पडले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी ते परात घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. बायकोला म्हणाले, “वहिनी, आजची गवार तिनं निवडली. बाहेर आली, माझ्याजवळ बसली, शिरा काढल्या.” बायकोनं परातीत पाहिलं. निम्म्या शेंगांच्या शिरा तशाच होत्या. आम्ही ती भाजी शिरांसकट खाल्ली.

मग गणपती आले. आमच्याकडे पाचव्या दिवशी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव असतो. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. “सर, ती उद्या आरतीला खाली यायची म्हणते. आपणहून. तेवढं तिचं नाव घेऊ नका.”

मी हो म्हटलं. आणि नाव घेतलं.

का घेतलं? मला वाटलं, चार लोकांनी कौतुक केलं की पोरगी खुलेल. वीस वर्षं मुलांना शिकवतोय, मला कळत नाही का? ती मागे खुर्चीवर आईजवळ बसली होती. नाव ऐकून उठली, स्टेजवर आली, गुलाबाचं फूल घेतलं. तिथे तरी मी थांबायचं. मी माईकवर म्हणालो, “आता चेहरा पाडून बसायचं नाही हं. जरा हस! तुझ्यापायी तुझे बाबा घरोघर फिरून बायकांची कामं करतात!”

मांडवात हशा पिकला. माझ्या विनोदांना नेहमीच पिकतो. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं, फूल टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर अकरा दिवस ती दवाखान्यात होती. का, ते मी लिहिणार नाही. तुम्ही तर्क करत बसू नका. ती वाचली, एवढं पुरे.

ती घरी आल्यावरही आमच्याकडे कुणी मेथी मागायला आलं नाही. जिन्यातून जाता-येता मला त्यांचं दार दिसायचं. दारात त्यांच्या चपला, म्हणजे ते आत बसलेले. रिकाम्या हातांनी ते गप्प कसे बसत असतील, हा विचार मला खात राहायचा.

दिवाळीनंतर त्यांनी सायखेड्याला बहिणीजवळ घर घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा मी जिन्यात त्यांना अडवलं. “चुकलं माझं. माफ करा.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

“बोलले माईकवर, अन् माफी जिन्यात मागता, सर?”

माझा फोन ते घेत नाहीत. बायकोचा घेतात. पोरगी तिथल्या कॉलेजात जाते, काही दिवस जाते, काही दिवस नाही. औषधं चालू आहेत. तिनं परवा बायकोला अंबाडीची भाजी कशी करायची ते विचारलं.

यंदाच्या गुणगौरवात मी माईक घेतला. नाव घेतलं नाही. म्हणालो, गेल्या वर्षी इथे उभं राहून मी एका मुलीची आणि तिच्या बापाची चेष्टा केली. तो बाप जे करत होता ते आपल्यापैकी कुणालाही जमलं नसतं. मी त्या दोघांची माफी मागतो.

समोर सगळी बिल्डिंग बसली होती. ते दोघं नव्हते. मी माईक खाली ठेवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे माईकवरचं बोलणं संपलं की टाळ्या वाजवतात.