मुकादममामांचं मांदण

मुकादममामा नव्या साइटवर आले की सगळ्यात आधी गटार बघायला जायचे. आम्ही नकाशा उलगडून पाया कुठून खणायचा याची चर्चा करत असू आणि हा माणूस चहाचा काचेचा ग्लास हातात घेऊन उतारानं खाली चाललेला असायचा. पाणी कुठं वाहतं, कुणाच्या दारात जातं हे बघून आल्याशिवाय त्यांनी कधी कुदळ मारू दिली नाही. मला त्याचा राग यायचा. मी साइटवरचा नवा इंजिनिअर; डिप्लोमा ताजा होता, अक्कल यायची होती.

मामा मूळचे गुळव्या, गूळ रांधणारे. पन्हाळ्याच्या पायथ्याला गुऱ्हाळावर निम्मा जन्म काढलेला. ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ बसलं आणि मामा कोल्हापुरात मुकादम झाले. डोकं मात्र गुऱ्हाळातच राहिलं. तिथं उसाचा रस जमिनीत पुरलेल्या मोठ्या भांड्यात, मांदणात पडतो, गाळ खाली बसतो आणि वरचा निवळ रस उकळायला काहिलीत जातो. मामा प्रत्येक साइटच्या सखल कोपऱ्यात तसाच मोठा खड्डा खणून घ्यायचे आणि त्याला मांदणच म्हणायचे. मातीच्या ढिगाभोवती उसाच्या पाचटाच्या पेंढ्या गच्च बांधायचे. पावसाचं लाल पाणी मांदणात थांबलं की गाळ बसायचा आणि वरचं पाणी गटाराला लागायचं. मग मामा त्यातलं ग्लासभर पाणी उजेडाकडं धरून बघायचे. "अजून मळी दिसतीया. पाचाट वाढवा वाईच."

नव्वदीच्या दशकात उपनगरात आमची एक चार मजली इमारत चालली होती. खालच्या गल्लीत जुना आड होता. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळं अख्खी गल्ली आडावर अवलंबून. शांताक्का त्याच पाण्यावर लोकांचे कपडे धुवून पोट भरायची आणि दुपारी आमच्या माणसांना दोन कळश्या आणून द्यायची. मीही तेच पाणी प्यायचो. "जेचं पानी प्यायचं, तेच्यातच राड सोडायची व्हय?" मामा नव्या गवंड्यांना दम द्यायचे.

श्रावणात पावसानं उघडीप दिली तेव्हा मामांच्या थोरल्या भावाचं दुखणं वाढल्याचा निरोप आला. जाताना ते एवढंच म्हणाले, "साहेब, चार दिस जाऊन येतो. मांदणाला तेवढं कुनाला हात लावू देऊ नगा."

"जावा की मामा. मी हाय न्हवं!" मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मालक आले. विटांचे ट्रक वळवायला त्यांना तो कोपरा हवा होता. "पाऊस उघडलाय की! बुजवून टाका त्यो खड्डा." मी एका शब्दानं विरोध केला नाही. मांदण बुजवलं. पाचटाच्या पेंढ्या आडव्या येत होत्या, त्याही काढायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. तासाभरात मातीचा ढीग आणि फुटक्या पोत्यांतलं सिमेंट उतारानं खाली गेलं आणि आडाच्या बुटक्या कठड्यावरून आत पडलं.

सकाळी मामा परतले तेव्हा गल्ली साइटवर जमली होती. शांताक्कानं लाल पाण्याची कळशी माझ्यासमोर आदळली. "घ्या साहेब, प्या!" मी काही बोलायच्या आत मालकांनी हात वर केला. "मुकादम काम टाकून गावाला गेलतं. तेचंच काम हाय हे."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मी खाली बघत राहिलो.

"चूक माझीच हाय अक्का," मामा म्हणाले. "साहेबाच्या शब्दावर सोडून गेलतो."

मालकांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यानंतर आठ दिवस मामा गल्लीतल्या पोरांबरोबर आडात उतरून गाळ उपसत होते आणि मी वर स्लॅबची सळी मोजत होतो. गाळ निघाला, पण सिमेंट झऱ्यांच्या तोंडाशी बसलं होतं. आड पुढं बंदच केला. शांताक्का लेकीकडं राहायला गेली. मला बढती मिळाली.

आता माझ्या प्रत्येक साइटवर मांदण असतं. लोक कौतुक करतात, नव्या इंजिनिअरांना मी ते ऐटीत समजावून सांगतो. ही युक्ती कुणाची हे सांगताना मात्र जीभ अडखळते. माझ्याइतका भेकड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या पावसानंतर दहा-बारा वर्षांनी, एकदा धीर करून मामांच्या गावी गेलो. अंगणात बाजेवर बसले होते, फार वाळले होते. त्यांनी मला बघताक्षणी ओळखलं. माझ्या आईचं नाव घेऊन तिची तब्येत विचारली. मग आत जाऊन तोच चहाचा ग्लास पाण्यानं भरून आणला, सवयीनं उजेडाकडं धरून पाहिला आणि माझ्यापुढं केला. साइटवर कायम मला 'साहेब' म्हणणारे मामा म्हणाले,

"प्या पावणं. पानी निवळ हाय."