बीकरबाईंची थंड चहाची वही

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली की माणसाचं नाव मागे पडतं आणि काम पुढे येतं. त्यांना सगळेच बीकरबाई म्हणत. विद्यार्थी म्हणत, मुख्याध्यापक म्हणत, आणि निवृत्तीनंतर कोपऱ्यावरचा भाजीवालाही म्हणू लागला. बीकर कशाशी खातात हे त्या बिचाऱ्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. घरातलं दूधही त्या काचेच्या बीकरने मोजत, आणि पाहुण्याने "थोडी साखर घाला" म्हटलं तर विचारत, "थोडी म्हणजे किती ग्रॅम?"

त्यांचा नवरा कारखान्यात लेथ मशीनवर होता. बोलका, थट्टेखोर आणि पक्का चहाबाज. दिवसाला नऊ कप, तेही जिभेला चटका बसेल इतके गरम. त्याच्या घशात गाठ निघाली ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे उपचार झाले. जीव वाचला, पण आवाज गेला आणि तोंडाची चवही गेली. गरम काही गिळवेना. साधं पाणी ओठाला लावलं की तोंड वेडंवाकडं करून तो पाटीवर लिही, "गंज." बोलणं बंद झाल्यापासून ती छोटी पाटीच त्याची जीभ झाली होती.

डॉक्टरांनी बजावलं, "रोज अडीच लिटर पोटात गेलंच पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा."

बाईंनी बघायचं ठरवलं. गच्चीवर कुंड्यांत पुदिना होता, गवती चहाचं मोठं बेट होतं, लाल जास्वंद होती. पहिल्या दिवशी त्यांनी मूठभर पुदिना खळखळ उकळला, गाळला आणि बर्फ घालून पुढे केला. नवऱ्याने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "गटार."

"गटाराची चव तरी लागली ना?" बाई म्हणाल्या. तो बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "प्रयोग १." तारीख, पानांचं वजन, पाण्याचं माप, मिनिटं, आणि शेवटी नवऱ्याने दहापैकी दिलेले गुण. गुण तो पाटीवर लिही, बाई ते वहीत उतरवून घेत आणि पाटी पुसत. चुकत चुकत त्या शिकल्या. पुदिना उकळायचा नाही. पाणी चुलीवरून उतरवून त्यात घालायचा, वर झाकण ठेवायचं, सात मिनिटांत गाळायचा. गवती चहाला मात्र वीस मिनिटं द्यावी लागतात, पाती ठेचून घातली तर पंधरा. जास्वंदीच्या पाकळ्या गार पाण्यातच घालायच्या, सकाळी घातल्या की दुपारी रंग उतरतो. लिंबू नेहमी थंड झाल्यावर, नाहीतर कडवट होतं. आणि बर्फ पाण्याचा नको, त्याच चहाचा करून ठेवायचा, म्हणजे शेवटचा घोटही पहिल्यासारखा लागतो.

गुण द्यायला नवरा महाकंजूष. "चार."

"चारच? बडीशेप घातलीय, आलं घातलंय!"

तो पाटी उलटी करून लिही, "ओढूनताणून चार."

असे चाळीस प्रयोग झाले. एकेचाळिसाव्याला गवती चहा, पुदिना, भाजलेली बडीशेप आणि चिमूटभर मीठ होतं. नवऱ्याने घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घोट घेतला. मग पाटीकडे न बघता त्याने बाईंच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि वहीच्या समासात, लेथवरच्या माणसाच्या त्या जाड, तिरक्या अक्षरात लिहिलं, "आज चव आली."

त्यानंतर तो आणखी दोन उन्हाळे जगला. आजारपणातलं त्याचं बाकी सगळं लिहिणं पाटीवरचं, पुसलं गेलेलं. कागदावर राहिलं ते एवढंच.

या सगळ्या काळात बाईंना आधार होता तो त्यांच्या मैत्रिणीचा. ती त्याच शाळेत ग्रंथपाल होती. सव्वीस वर्षं दोघींनी एका बाकावर बसून डबा खाल्ला. एकीला ताप आला तर दुसरी रजेचा अर्ज लिहून टाकी. नवरा इस्पितळात असताना ग्रंथपालबाई कित्येक दुपारी त्याच्या उशाशी बसल्या, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. बीकरबाईंची लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली, ती फोनवर म्हणे, "मावशी आहे म्हणून मी निर्धास्त आहे." पुस्तकाच्या बाबतीत मात्र ग्रंथपालबाई कुणाचाच मुलाहिजा ठेवत नसत. पानाचा कोपरा दुमडला तरी मुलाला तासभर उभं करत.

नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ग्रंथपालबाईंनी वही चाळता चाळता म्हटलं, "ही अशीच कपाटात कुजू द्यायची का गं? दे माझ्याकडे. नीट टाइप करून देते. लेकीला एक प्रत, तुला एक."

"डाग पडलेत तिच्यावर. वाचता येईल?"

"तुझं अक्षर मला नाही वाचता येणार तर कुणाला?"

बाईंनी वही जुन्या ओढणीत गुंडाळून दिली. मग विचारलं की उत्तर येई, "होतंय, थांब जरा." बाई थांबल्या. आपल्या माणसाच्या मागे काय लकडा लावायचा!

उन्हाळा सुरू झाला तेव्हा भाजीवाल्याने पुदिन्याची जुडी देताना सहज विचारलं, "बीकरबाई, तुमच्या मैत्रिणीचं पुस्तक आलं म्हणे? थंड चहाचं. बायका येऊन पुदिना असा उचलतायत की मला पुरेना."

"कुठलं पुस्तक?"

"घ्या! तुम्हालाच नाही माहीत? रविवारी वाचनालयात कार्यक्रम आहे. पाटी लागलीय बाहेर."

बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मैत्रीण आपल्याला चकित करणार आहे. रविवारी त्यांनी ठेवणीतली साडी काढली. सभागृहात पोचल्या तेव्हा पुढच्या रांगा भरल्या होत्या, म्हणून मागे बसल्या. दारात पुस्तकांची चळत होती. वर हिरवा पेला, खाली नाव, ग्रंथपालबाईंचं. बाईंनी एक प्रत चाळली. पुदिना सात मिनिटं. गवती चहा वीस मिनिटं, ठेचून पंधरा. सगळं त्यांचंच होतं, फक्त "प्रयोग" हा शब्द कुठे नव्हता. शेवटच्या पानावर आभार होते, "माझ्या सर्व मैत्रिणींचे."

'मी सर्व मैत्रिणींत आले,' बाईंना वाटलं. तरीही त्या उठल्या नाहीत. काहीतरी सांगेल, व्यासपीठावरून आपलं नाव घेईल, म्हणून वाट बघत राहिल्या.

ग्रंथपालबाई बोलायला उभ्या राहिल्या. आवाज चांगला होता त्यांचा, आयुष्यभर कुजबुजत राहिल्याने जपलेला. "माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात," त्यांनी सुरुवात केली, "त्यांचा आवाज गेला होता. चव गेली होती. मी रोज त्यांच्यासाठी एक थंड चहा करायची आणि ते पाटीवर मला गुण द्यायचे."

सभागृहात हसू पसरलं. "ओढूनताणून चार" ऐकून लोक मोठ्याने हसले. पुढे ग्रंथपालबाईंचा आवाज कापरा झाला. "आणि एके दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, 'आज चव आली.'"

शेजारच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. बीकरबाईंच्याही डोळ्यांतून पाणी आलं. क्षणभर त्या इतरांसारख्याच रडल्या, एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी. मग एकदम त्या भानावर आल्या. हा म्हातारा कुठला? हा तर आपला नवरा. साठीही न गाठलेला, सकाळी गाऊन गाऊन शेजाऱ्यांना उठवणारा. त्याला हिने बाप करून टाकलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर कागदी पेल्यांतून चहा वाटला गेला. बाईंनी घोट घेतला. लिंबू गरम पाण्यात पिळलेलं होतं. त्यांनी पेला खुर्चीखाली ठेवला आणि मागच्या बोळकांडीत, घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या तिथे मैत्रिणीला गाठलं.

"तू आलीस?" ग्रंथपालबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी तुला सांगणारच होते गं."

"कधी?"

"अगं, तू कुठे छापणार होतीस? कपाटात पडून राहिलं असतं सगळं. प्रकाशक म्हणाले, नुसत्या कृती नकोत, त्यामागे गोष्ट हवी."

"मग गोष्ट सांगायचीस. माझ्या मैत्रिणीचा नवरा म्हणायला जीभ जड झाली असती का तुझी?"

"मी जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना कागदी कव्हरं घातली," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. "माझा बाप माझ्याशी धड बोललादेखील नाही कधी. तुमच्या घरी ती पाटी बघायचे, तेव्हा वाटायचं... मला एकदा तरी कुणी असं काही लिहून द्यायला हवं होतं."

बाईंना ते कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं नाही. "वही दे," त्या म्हणाल्या.

वही ग्रंथपालबाईंच्या पिशवीतच होती, त्याच ओढणीत. घरी येऊन बाईंनी ती उघडली. प्रयोग चाळीस होता. प्रयोग बेचाळीस होता. मधलं पान नव्हतं. फाटलेलं नव्हतं, पट्टी लावून, ब्लेडने, शिवणीपासून अर्ध्या बोटावर सरळ रेषेत कापलेलं होतं. इतकं नेटकं काम कुणाचं, हे बाईंना सांगावं लागणार नव्हतं.

फोनवर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ते छापखान्यात राहिलं. फोटो काढायला दिलं होतं. मी विचारलं, छपाईवाल्याला सापडत नाहीये."

बाई दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून छापखान्यात गेल्या. छपाईवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "पान? नाही हो बाई. माझ्याकडे फोटोच आला होता, तोही इतका अंधूक की छापलाच नाही. कागद आलाच नाही. मी कशाला खोटं बोलू?"

तिथून त्या तडक मैत्रिणीच्या घरी गेल्या. एवढ्या वर्षांत त्या घराची घंटा त्यांनी वाजवली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराने "आहेस का गं" म्हणत आत शिरायच्या. आज घंटा वाजवली. बस म्हणण्याआधीच विचारलं, "छापखान्यात जाऊन आले. आता खरं सांग."

ग्रंथपालबाई मटकन खाली बसल्या. "हरवलं. मीच हरवलं. फोटो काढायला कापलं, कुठल्या तरी कागदात ठेवलं, आणि मग रद्दी गेली. घर उलथंपालथं केलं मी. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

"कापलंस कशाला? वही उघडी ठेवूनही फोटो निघाला असता."

"मध्ये शिवणीची सावली पडत होती," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. भांडावं, ओरडावं, काहीतरी फोडावं असं वाटलं. पण त्या आल्या पावली परत गेल्या.

लेकीने सगळं ऐकून आकाशपाताळ एक केलं. "आई, तू प्रकाशकांना पत्र लिही! पुस्तकावर तुझं नाव यायलाच हवं."

"नाव कशाला हवंय मला?" बाई म्हणाल्या. "त्यांचं अक्षर होतं गं ते."

त्या उन्हाळ्यात पुस्तक खूप चाललं. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई एकदा ते घेऊन वर आली. "बीकरबाई, यात सांगितलंय तसंच केलं, तरी कडू होतं हो. माझंच काहीतरी चुकतंय का?" बाईंनी पान बघितलं. लिंबाची ओळ चुकीच्या जागी उतरवली होती. क्षणभर त्यांना वाटलं, राहू दे कडू, सगळ्या गावाचा होऊ दे कडू. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि ओळ दुरुस्त करून दिली. चुकीची कृती त्यांच्याने बघवत नसे. पण पायऱ्या उतरणाऱ्या त्या बाईच्या हातातलं पुस्तक बघून त्यांना वहीतलं ते कापलेलं पान आठवलं. त्या बराच वेळ दार धरून उभ्या राहिल्या.

पुढे पाऊस आला, गेला. थंडी पडायला लागल्यावर एका सकाळी बाजारात दोघी समोरासमोर आल्या. ग्रंथपालबाई खंगलेल्या दिसत होत्या, गुडघ्याला पट्टा होता. त्या थबकल्या. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ हलले. डोळे भरून आले होते.

बीकरबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ओळखीच्या कुणालाही विचारावं तशा आवाजात, नीट, सभ्यपणे त्यांनी विचारलं, "बऱ्या आहात ना तुम्ही?"

आणि उत्तराला न थांबता त्या पुढच्या दुकानात शिरल्या.