तीन इमारतींतली यादी

आमच्या कामात काही बंद पडलं की रिपोर्ट लिहावा लागतो. काय झालं, काऊन झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. तीन रकाने. पण ज्याच्यावर आम्ही चहाच्या टपरीवर दोन दोन दिवस बोलतो, ते या रकान्यांत कधीच बसत नाही. ते उरतं. असं बरंच उरलं आहे माझ्याकडे.

आधी थोडं कामाबद्दल. चंद्रपुरात आमचं एका संस्थेचं छोटं ऑफिस आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटची यादी, आणि कुठल्या दवाखान्यात कुठल्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे याचा हिशेब, असं एक सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. ते बंद पडलं तर एखादा बाप मुलाला घेऊन चुकीच्या दवाखान्यात जातो आणि तिथे रक्त नसतं. म्हणून ते एका जागी ठेवलेलं नाही. मुंबईतल्या तीन वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये आहे. तीन इमारती, तिघींची वीज वेगळी, मशीन थंड ठेवायची व्यवस्था वेगळी. एक बसली तर दुसऱ्या दोघी काम ओढतात.

ऑफिसात आम्ही तिघं. मी, प्रोग्रॅम लिहिणारा श्रीनिवास आणि वायरींचं सगळं पाहणारे वाकडे भाऊ. श्रीनिवास सिरोंच्याचा, टेन्शन आलं की तेलुगूत पुटपुटतो. वाकडे भाऊंनी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून नोकरी केली, रिटायर झाल्यावर आमच्याकडे आले.

* * *

मी मूळची सावली गावची. नोकरी लागली तेव्हा बाबांनी रविवारी विहारात सगळ्यांना सांगितलं, पोरगी क्लाउडमध्ये काम करते. वंदना झाल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी मला बाजूला बसवून घेतलं. क्लाउड म्हणजे काय ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "काका, आपलं सामान आपल्या घरी न ठेवता दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. त्याचं घर पक्कं असते, पहारा असते."

"अन् आपल्याले पायजेन तेव्हा त्याच्या घराले कुलूप असलं त?"

"म्हणून एकाच्या घरी नाही ठेवत. तिघांच्या घरी ठेवतो. तीन वेगळी घरं."

काकांनी मान हलवली. पटलं असं वाटलं. मी उठणार तोच ते म्हणाले, "अन् तिघंही एकाच लग्नाले गेले त?"

मी हसले. मग डेटा सेंटरवाल्या कंपनीच्या कागदपत्रांत दोन दिवस याचंच उत्तर शोधत बसले.

* * *

वाकडे भाऊंना तीन इमारतींचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "तिघायची लाइन एकाच खांबावरून त येत नाई ना?"

श्रीनिवास म्हणाला, "भाऊ, ते लोक एवढे मूर्ख नसतात."

"ते नसतीन," भाऊ म्हणाले. "आपलं पायलं का?"

आमच्या ऑफिसला दोन कंपन्यांचं इंटरनेट होतं. एक गेलं तर दुसरं. बिलं दोन, मोडेमचे डबे दोन, कागदावर सगळं नीट. दुसऱ्या दिवशी भाऊ डोक्याला दुपट्टा बांधून निघाले आणि ऑफिसपासून दोन्ही लाइनी पायी तपासत गेले. दुपारी परतले, पाणी प्याले आणि खुर्चीत बसले.

"पयल्या चौकापर्यंत दोन्ही येगयेगळ्या. तिथून पुढं दोघीही एकाच नालीत. दुसरी कंपनी पयलीचीच नाली भाड्यानं वापरून राह्यली."

मी दोन्ही कंपन्यांना पत्र लिहिलं. दोघांकडूनही उत्तर आलं की आमची लाइन पूर्णपणे स्वतंत्र आहे.

आठवडाभरानं रस्ता रुंद करायला जेसीबी आला. सकाळी साडेअकराला दोन्ही डब्यांचे दिवे एकदमच लाल झाले. आमचं सॉफ्टवेअर मुंबईत व्यवस्थित चालू होतं. फक्त आम्हालाच ते दिसत नव्हतं.

दोन्ही कंपन्यांची माणसं दुपारी खड्ड्याशी आली. भाऊ तिथेच उभे होते. त्यांनी दोघांना एकमेकांची ओळख करून दिली.

* * *

माजरीला सिकलसेलचं शिबिर होतं. आलेल्या लोकांना श्रीनिवास समजावून सांगत होता, एक इमारत बंद पडली तर काम आपोआप दुसरीकडे कसं जातं. समोर एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. आयुष्यभर जमिनीखालच्या कोळसा खाणीत काम केलेलं. नातवाचं नाव आमच्या यादीत होतं.

ते म्हणाले, "हे आमच्या खाणीसारखं झालं. बाहेर निघासाठी दोन वाटा असल्याशिवाय माणूस खाली सोडत नव्हते."

श्रीनिवासला उदाहरण आवडलं. "अगदी तसंच, काका."

"मंग तुमची दुसरी वाट शेवटची कोणं चालून पायली?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालून. आम्हाले पाहा लागे. एकडाव गेलो त दुसऱ्या वाटेत कोणं जुने लाकडं रचून ठेवले होते. माणूस आडवा होऊन निघन, एवढीच जागा. नकाशात वाट सुरू होती."

शिबिर आटपून आम्ही जीपमध्ये बसलो. भद्रावती आल्यावर श्रीनिवास माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मॅडम, आपण कधी चालून पाहिली?"

"नाही."

"मग बुधवारी पाहू."

* * *

तो बुधवार. सगळ्या दवाखान्यांना आधीच कळवलं होतं की अकरा वाजता आम्ही एक इमारत मुद्दाम बंद करणार आहोत, कुणाला काही जाणवणार नाही.

अकराला श्रीनिवासनं बटण दाबलं. काम दोन नंबरच्या इमारतीत गेलं. यादी उघडत होती, रक्ताचे आकडे बरोबर होते. श्रीनिवासनं दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि खुर्ची मागे रेलली. वाकडे भाऊ म्हणाले, "जमलं बावा."

तेवढ्यात फोन सुरू झाले. मूल, राजुरा, आरमोरी इथल्या दवाखान्यांतून. सगळ्यांची तक्रार एकच, लॉगिन होत नाही. मोबाइलवर ओटीपीच येत नाही.

सगळं सॉफ्टवेअर आम्ही तीन ठिकाणी ठेवलं होतं. ओटीपी पाठवणारा एवढासा प्रोग्रॅम मात्र पहिल्या इमारतीतच राहून गेला होता. घर उघडं होतं, किल्ली बंद इमारतीत.

दोन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत त्या वेळी एकच माणूस लॉगिन होऊन आत होता. सावलीच्या दवाखान्यातले लॅब टेक्निशियन खोब्रागडे. ते कधीच लॉगआउट करत नसत. त्यांचा संगणक सकाळपासून उघडाच होता. ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण पंधरा मिनिटांत सगळे दवाखाने त्यांना फोन करू लागले. ए निगेटिव्ह कुठे आहे, ओ पॉझिटिव्हच्या किती पिशव्या उरल्या. खोब्रागडे एका हातानं फोन धरून सगळ्यांना वाचून दाखवत होते. आम्ही ओटीपी पुन्हा सुरू करीपर्यंत पाऊण तास दोन जिल्ह्यांचं काम त्या एका खुर्चीवरून चाललं.

दुपारी त्यांचा मला फोन आला. आवाज शांत.

"मॅडम, मी लॉगआउट करत नाई म्हणून मागच्या महिन्यात तुम्ही मले पत्र धाडलं होतं. ते फाइलले लावलं हाय. राहू देऊ का काढू?"

मी म्हटलं, "राहू द्या. आणि आता लॉगआउट करा."

* * *

हा किस्सा श्रीनिवासला सांगितलेला आवडत नाही, पण तो स्वतःच नव्या लोकांना सांगतो.

एटापल्ली तालुक्यात जंगलातल्या एका गावी मडावी सिस्टर आहेत. आरोग्य उपकेंद्र त्या एकट्या सांभाळतात. आम्ही ट्रेनिंगला गेलो तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, आता रजिस्टर लिहायची गरज नाही, सगळं तीन ठिकाणी साठवलं जातं. त्या म्हणाल्या, "बरं हाय. मंग चौथं माह्याजवळ राहू द्या." रजिस्टर काही बंद झालं नाही.

एका सकाळी श्रीनिवास यादी साफ करायला बसला. एकच नाव, एकच आडनाव, एकच गाव, अशा पुष्कळ जोड्या होत्या. त्याला वाटलं एकाच पेशंटची नोंद दोनदा झाली आहे. त्यानं प्रोग्रॅम लिहिला, जोडीतली एक नोंद उडवायची. चालवला. सेकंदभरात एक नंबरच्या इमारतीनं ऐकलं. तेवढ्यात दोन नंबरनं ऐकलं. तीन नंबरनंही ऐकलं. एकीनंही विचारलं नाही की काऊन.

दहा मिनिटांनी मडावी सिस्टरांचा फोन. "माही सोमी कुठी गेली?"

त्या गावात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एक सोळा वर्षांची, एक नऊ वर्षांची. दोघी चुलतबहिणी, दोघींना सिकलसेल. अशा जोड्या गावोगावी होत्या.

आदल्या दिवशीपर्यंतचा बॅकअप आमच्याकडे होता, तो भरला. पण त्या सकाळी सिस्टरांच्या उपकेंद्रात शिबिर सुरू होतं आणि तिथल्या नव्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. मग सिस्टर रजिस्टर घेऊन, जिथे फोनची रेंज मध्येच तुटत नाही त्या टेकाडावर चढल्या. तासभर त्या वाचत होत्या आणि श्रीनिवास लिहीत होता. नाव, वय, आईचं नाव, रक्ताचा गट. मध्येच त्यानं विचारलं, "सिस्टर, हे नाव आत्ताच झालं ना?"

"झालं. हे दुसरी. तिले मी ओळखतो, तुमचा कम्प्युटर नाई ओळखत."

श्रीनिवासनं लिहिलं. नंतर त्यानं प्रोग्रॅममध्ये आईच्या नावाचा रकाना सक्तीचा केला. पूर्ण दिवस तो कुणाशी मराठीत बोलला नाही.

* * *

आता शेवटचा. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली.

ऑगस्ट महिना होता. मी आणि श्रीनिवास एटापल्लीच्या दवाखान्यात सॅटेलाइटची नवी डिश बसवून घ्यायला गेलो होतो. तीन दिवस पाऊस लागून होता. डिश लागली, इंटरनेट आलं, मुंबईतल्या तिन्ही इमारती स्क्रीनवर हिरव्या दिसत होत्या. श्रीनिवासनं फोटो काढून वाकडे भाऊंना पाठवला.

दहाच्या सुमारास एक माणूस आत आला. मंगरू त्याचं नाव. मडावी सिस्टरांच्या गावचा. तिकडचा मोबाइल टॉवर दोन दिवसांपासून बंद होता आणि नाल्याला पूर होता. तो डोंग्यातून नाला ओलांडून, पुढे चालत आला होता. त्यानं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि आतली चिठ्ठी डॉक्टरांना दिली.

डॉक्टरांनी वाचली आणि माझ्याकडे दिली. सिस्टरांचं अक्षर. सिकलसेलची मुलगी, वय नऊ, रक्त फार कमी झालंय, गट बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या तयार ठेवा. गाडी नाल्याच्या एटापल्लीकडच्या काठावर उभी करा. गाडी निघाल्याची खबर आल्याशिवाय मी मुलीला पावसात बाहेर काढणार नाही. खाली एक रेघ मारून लिहिलं होतं:

"हीच चिठ्ठी घेऊन दुसरा माणूस दुसऱ्या वाटेनं येत आहे. मुलगी एकच आहे. गाडी एकच पाठवा."

दवाखान्यात गाडी एकच होती. रक्त फ्रीजमध्ये होतं, स्क्रीनवरचा आकडा आणि फ्रीजमधल्या पिशव्या जुळल्या. दहा मिनिटांत गाडी निघाली. मंगरू ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेला. नाल्यावर उतरून डोंग्यानं परत जाणार आणि सिस्टरांना सांगणार.

मुलगी संध्याकाळच्या आत एटापल्लीला आली. तिला रक्त चढलं, चौथ्या दिवशी ती घरी गेली. पण मला सांगायचं आहे ते मधल्या वेळेतलं.

गाडी जाऊन तास झाला असेल. दुसरा माणूस आला. चैतू. मंगरूपेक्षा वयानं मोठा, पन्नाशीचा. तो डोंगराकडच्या लांबच्या वाटेनं आला होता, पावसानं नखशिखांत ओला. त्यानंही तशीच पिशवी सोडली, तशीच चिठ्ठी काढली. शब्दाला शब्द तोच मजकूर.

श्रीनिवासनं त्याला बाकावर बसवलं. "भाऊ, मंगरू पोचला. गाडी गेली. काम झालं. तुम्ही आता बसा, कपडे वाळवा, जेवण करा."

चैतूनं सगळं नीट ऐकून घेतलं. विचारलं, "गाडी कवा गेली?"

"तासभर झाला."

"कागदावर लिहून द्या."

श्रीनिवासनं लिहून दिलं. गाडी निघाली, रक्त तयार आहे, मुलीला आणा. चैतूनं कागद घडी करून पिशवीत घातला, पिशवी कमरेला बांधली आणि उठला.

"भाऊ, मंगरू गेलाय सांगायला," श्रीनिवास म्हणाला. "तो आत्ता पोचतच असेल. तुम्हाला परत एवढं चालायची गरज नाही."

"त्याच्या वाटेत नाला हाय," चैतू म्हणाला. "सिस्टरनं सांगतलं, खबरबी दोन्ही वाटेनं आली पायजे."

तो माठातलं पाणी प्याला, त्यानं दुपट्टा पिळून डोक्याला बांधला, आणि आल्या वाटेनं निघाला.