मिटलेला डोळा

बर्मिंगहॅमच्या आमच्या तिरंदाजी क्लबातला कोच बँकेतून रिटायर झालेला. माणसाच्या अंगाला धनुष्य बसवणं हे शास्त्र असून ते फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्याची समजूत होती. ऐंशीच्या दशकात मी तिथे गेले, तेव्हा त्याने एक लांब बाण माझ्या छातीला टेकवला, दोन्ही हात पुढे ताणायला लावले, बोटं पोचली तिथे बाणाच्या लांबीची खूण केली आणि वहीत ‘स्मॉल लेडी’ असं लिहिलं. मग म्हणाला, पंजे जोडून मधे भोक ठेव आणि त्यातून माझं नाक बघ. भोक ज्या डोळ्यासमोर येईल तो नेमाचा डोळा. डावा असला तर धनुष्यही डावखुरंच हवं.

भोक सरळ डाव्या डोळ्यासमोर आलं. मी पटकन तो मिटला आणि उजवा म्हणून सांगून टाकलं. लहानपणी ताटात डावा हात गेला की आईची पळी त्यावर बसायची. ते वाईट वळण परक्या साहेबाला कोण दाखवणार? मिटलेला डोळा त्याला दिसला होता. पण डावखुरं धनुष्य क्लबात एकच, तेही कपाटात पार मागे. त्याने मुकाट्याने पुढचं उजवं काढून दिलं. असलं त्याचं शास्त्र!

मला काउंटीच्या टीममध्ये जायचं होतं. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करणाऱ्या मला तेवढं एक स्वतःचं हवं होतं. दोन वर्षं बाण डावीकडे जात राहिले, मी दोनदा निवडीत आपटले. क्लबातला प्रत्येक दीडशहाणा येऊन माझ्या धनुष्याचा एखादा स्क्रू पिळून जाई. नवरा म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं.” अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच सारवलं होतं.

शेवटी चिडून मी ते धूळ खात पडलेलं धनुष्य ओढून काढलं. “यू नेव्हर सेड!” कोच म्हणाला. जसं काही त्याने पाहिलंच नव्हतं. त्या वर्षी माझी निवड झाली, आणि हा गडी सगळ्यांना सांगत सुटला, “आय फिटेड हर मायसेल्फ.”

काउंटीचा बॅज मिरवत मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला क्लबात नेलं. तीही डावरी. तिचा चमचा मी वर्षानुवर्षं उजव्या हातात कोंबत आले होते. माझ्याकडे पळी नव्हती, एवढाच काय तो फरक. पण आता मला अक्कल आली होती. हिला नीट तपासा, असं मी कोचला बजावलं.

तिने पंजे जोडले. भोक डाव्या डोळ्यासमोर गेलेलं मला बाजूने स्वच्छ दिसलं. मग तिने तो डोळा घट्ट मिटला.

“राइट आय,” तिने कोचला सांगितलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.