बॅनरवरचा सरपंच

"सलीमभाई, बॅनरवर सरपंच म्हणून कोणाचं नाव टाकलं?"

सकाळचे नऊ वाजले होते. नंबर अनोळखी, आवाज बाईचा. वाटूरला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. मी म्हणालो, "अण्णांचं. तेच सरपंच ना?"

"सरपंच मी हाय."

मी लगेच बॅनरची फाइल उघडली. शेजारच्या गावात त्या दिवशी महिला मेळावा होता. बॅनरवर वरच्या ओळीत जगातल्या आठ बायका होत्या, निवडणूक जिंकून देश चालवणाऱ्या. कोणी पंतप्रधान, कोणी राष्ट्राध्यक्ष. खाली मधोमध अण्णा. त्यांच्या बायकोचा, म्हणजे फोनवरच्या सुनीताताईंचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. गाव अण्णांनाच सरपंच म्हणतं, मीही तेच टाइप केलं. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, अण्णांच्याच मोबाइलवर पाठवला. त्यांनी ओके केलं.

ताई रडवेल्या झाल्या होत्या. "कारभार नवरा करतो, असा माझ्यावर अर्ज झालाय. अकराला मॅडम चौकशीला येऊन राह्यल्या. अन् ग्रामपंचायतीच्या गेटवरच हा बॅनर! माझं पद जाईल, भाऊ. जल्दी काहीतरी करा."

दुरुस्ती पाच मिनिटांची. पण छपाई, मग कडा चिकटवून रिंगा ठोकणं, यात पाऊण तास जातो. त्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, मशीन नाही. मी स्क्रीनकडे बघत बसलो. वरच्या आठजणींच्या नवऱ्यांची मला नावंसुद्धा माहीत नव्हती. त्यांचे फोटो टाकायचं डोक्यातही आलं नव्हतं.

दहाच्या ठोक्याला लाइट आली आणि लगेच अण्णांचा फोन.

"कशाला बदलून राह्यला? ऑर्डर माझी हाय."

अण्णा म्हणजे माझी वर्षभराची कामं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तरी म्हणालो, "अण्णा, ऑर्डर ग्रामपंचायतीची हाय. सरपंचांनी बदलायला सांगितलं."

फोन कट.

अकराला पाच मिनिटं कमी असताना नवा बॅनर मोटरसायकलला बांधून पोचलो. गेटवर अण्णा रागानं लाल. ताई शिडी लावून उभ्या. मी चढलो तशी शिडी डगमगायला लागली.

"बघता काय? शिडी धरा," ताई अण्णांना म्हणाल्या. सगळं गाव बघत होतं. अण्णांनी शिडी धरली.

शेवटची दोरी बांधतोय तोच जीप आली. मॅडमनी विचारलं, "सरपंच कोण?" अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं, पण हात शिडीला होते. ताई पुढं झाल्या. "मी हाय. या आत."

चौकशीत दोन तास त्या एकट्याच बोलल्या. पद राहिलं. अण्णांची कामं मात्र आता परतूरच्या दुकानात जातात.

हल्ली ऑर्डर घेताना मी आधी विचारतो, निवडून कोण आलंय? बरीच गिऱ्हाइकं यावर चिडतात.